गावाचा स्वभाव आणि आपली प्रवासवर्णने

प्रवासवर्णनाच्या पुस्तकावर अभिप्राय लिहिताना आपले परीक्षक एक वाक्य हमखास लिहितात : लेखकाने त्या प्रदेशाचा आत्मा नेमका टिपला आहे. हे वाक्य इतक्या पुस्तकांविषयी आणि इतक्या प्रदेशांविषयी लिहिले गेले आहे की, ते वाचून आता कोणाच्याच मनात काही उमटत नाही; लिहिणाऱ्याच्याही बहुधा उमटत नसावे. परंतु त्याचा शब्दशः अर्थ घेतला तर ते फार मोठे विधान ठरते. गावाला आत्मा असतो, तो बाहेरून आलेल्या माणसाला दिसू शकतो आणि आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामात दिसू शकतो, एवढी गृहीतके त्याच्या पोटात आहेत. त्यांतल्या पहिल्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. आत्म्याचे काय ते तत्त्वज्ञांनी पाहावे. गावाला स्वभाव असतो हे आपण सारेच जाणतो. परमुलुखात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना तर ते सांगावे लागू नये, कारण त्या स्वभावाशी आपली रोजची गाठ असते. खरा प्रश्न उरतो तो असा, की वाटेने जाणाऱ्या माणसाला तो कळतो कसा. आणि कळला असे तो लिहितो तेव्हा त्याला नेमके काय कळलेले असते?

हा प्रश्न काशी, रामेश्वर किंवा पॅरिस यांसारख्या ठिकाणांवर घासून पाहण्यात अर्थ नाही. तेथे पूर्वसूरींनी इतके लिहून ठेवले आहे की, प्रवासी उतरण्यापूर्वीच त्याचे डोळे इतरांच्या वाक्यांनी भरलेले असतात. परीक्षेसाठी असे गाव हवे की, ज्याच्यासाठी कोणी मराठी प्रवासी वाट वाकडी करीत नाही. मी चंदीगडजवळचे मुल्लानपूर घेतो.

चंदीगडच्या पीजीआय या प्रसिद्ध रुग्णालयाकडून वायव्येला जाणारा रस्ता धरला, तर सारंगपूर मागे पडल्यावर थोड्याच वेळात हे गाव येते. पंजाबात लुधियानाजवळ आणखी एक मुल्लानपूर आहे. त्याला मुल्लानपूर दाखा म्हणतात, आणि याला मुल्लानपूर गरीबदास. उत्तरेला शिवालिकच्या बुटक्या, ठिसूळ टेकड्या दिसतात. त्यांच्यातून उतरणारे पावसाळी ओढे, ज्यांना इकडे 'चो' म्हणतात, वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू असतात आणि श्रावण-भाद्रपदात एका रात्रीत रस्ता तोडतात. जुन्या वस्तीत पंजाबातल्या कोणत्याही मोठ्या खेड्यासारख्या चिंचोळ्या गल्ल्या आणि बाजार; आणि भोवताली, जेथे परवापर्यंत शेते होती तेथे, रुंद रस्ते, चौकातली वर्तुळे, भूखंडांचे आकडे आणि बिल्डरांच्या कमानी. या नव्या वसाहतीचे नाव 'न्यू चंदीगड'. महाराजा यादविंद्रसिंग यांच्या नावाचे क्रिकेटचे स्टेडियम येथेच झाले असून 23 मार्च 2024 रोजी आयपीएलचा पहिला सामना त्यावर खेळला गेला. त्याआधी, 24 ऑगस्ट 2022 रोजी, आपल्या परळच्या टाटा मेमोरियल केंद्राने उभारलेल्या, होमी भाभा यांचे नाव धारण करणाऱ्या तीनशे खाटांच्या कर्करोग रुग्णालयाचे येथे उद्घाटन झाले.

आता आपला नेहमीचा प्रवासवर्णनकार येथे आणून उभा करा. तो काय करील? बहुधा तो थांबणारच नाही. सिमल्याला जाताना चंदीगडमध्ये एक रात्र काढील, सुखना तलाव आणि रॉक गार्डन पाहील, आणि शहराविषयी एक परिच्छेद लिहील की, ल कार्बूझिये या परदेशी स्थापत्यकाराने आखलेले हे नगर देखणे खरे, पण त्याला आत्मा नाही. समजा, त्याला मुल्लानपुरात नेलेच, तर तो नव्या वसाहतीकडे पाठ फिरवील. हे काही खरे पंजाब नव्हे, असे म्हणेल. मग जुन्या गल्लीत शिरून एखादी मोडकी कमान, एखादी चूल, खाटेवर बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा शोधील. आणि त्या म्हाताऱ्याने पुढे केलेल्या लस्सीच्या पेल्यात त्याला पंजाबचा आत्मा सापडेल. म्हातारा त्या वेळी कदाचित जमिनीच्या मोबदल्याचा हिशेब करीत असेल. तो हिशेब आपल्या लेखकाला ऐकू येणार नाही, कारण तो पंजाबच्या आत्म्यात बसत नाही.

आपल्या वाङ्मयातल्या एका खोल समजुतीची ही नक्कल आहे; निव्वळ चेष्टा म्हणून मी ती केलेली नाही. जे जुने ते खरे, जे बदलले ते भेसळीचे, आणि आपण पोहोचलो तेव्हा ते नेमके नाहीसे होत होते, अशी ही समजूत. तिच्यामुळे प्रवासी गावाचा स्वभाव शोधण्याऐवजी गावाचे बालपण शोधत हिंडतो. वास्तविक मुल्लानपूरचा आजचा स्वभाव त्या मोबदल्याच्या हिशेबात, खचणाऱ्या चो-मध्ये आणि त्या कमानींवर लिहिलेल्या दुसऱ्या शहराच्या नावात आहे.

थोडा इतिहास सांगितल्यावाचून हे नीट कळणार नाही. फाळणीत लाहोर गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी झाली. तिच्यासाठी जी गावे उठली, त्यांच्या पडक्या घरांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे गोळा करून नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने जंगलात चोरून एक सृष्टी उभी केली. हा माणूस स्वतःच फाळणीत पलीकडचे गाव सोडून आलेला होता. तेच आजचे रॉक गार्डन. 1976 मध्ये ते लोकांना खुले झाले. 'आत्मा नसलेल्या' शहरात आपला प्रवासी तिकीट काढून जे पाहतो ते या मोडलेल्या गावांचे अवशेष असतात, पण त्याच्या पुस्तकात ते 'टाकाऊतून टिकाऊ' या मथळ्याखाली जातात. नव्या राजधानीभोवती अस्ताव्यस्त वस्ती वाढू नये म्हणून 1952 साली परिघ-नियंत्रणाचा कायदा झाला. आधी पाच मैल आणि 1962 पासून दहा मैलांचा तो परिघ. शहरातल्या लोकांना क्षितिजावर शेते दिसावीत म्हणून खेड्यांनी खेडीच राहावे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. म्हणजे आपला प्रवासी ज्याला अस्सल, अनाघ्रात खेडे समजून भारावून जातो, ते खेडे तसे राहिले त्यात शहराच्या आखणीचाही हात होता. आणि मग त्याच पट्ट्यात पंजाब सरकारने 'न्यू चंदीगड' वसवायला घेतले. अस्सलपणाची ही कूळकथा ज्याला ठाऊक नाही, त्याने त्याची ग्वाही देऊ नये.

भाषेची गोष्ट याहून बोलकी आहे. मुल्लानपूर ज्या मुलुखात मोडते त्याला 'पुआध' म्हणतात आणि तेथली बोली पुआधी. अमृतसर-लाहोरकडच्या माझी बोलीवर पुस्तकी पंजाबी उभी राहिली. पुआधी मागे राहिली, आणि ती बोलणाऱ्याला शहरात गावंढळ समजण्याची रीत पडली. तिच्यात 'आमचे-तुमचे' यांना 'म्हारा-थारा' म्हणतात. इंदूर-देवासकडच्या आपल्या वाचकांना हा शब्द माळव्यातला वाटेल आणि गंमतही वाटेल. 1966 साली पंजाबची पुनर्रचना झाली तेव्हा पुआधचे तुकडे पंजाब, हरियाणा आणि चंदीगड यांत वाटले गेले, आणि हा मुलूख नकाशावरून नावानिशी नाहीसा झाला. तो फक्त बोलणाऱ्यांच्या तोंडात उरला. बेळगाव-निपाणीची आठवण असलेल्या मराठी माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागू नये. तरीही पंजाबवर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला भांगडा दिसतो, सरसोंचे साग दिसते, सुवर्णमंदिर दिसते. पण एकाच पंजाबात निरनिराळी पंजाबी बोलली जाते हे ऐकू येत नाही. यात कानाचा दोष थोडा. लेखकाला त्या भाषेवाचून अडत नाही, हे खरे कारण आहे.

अडणे या शब्दाशी मला थांबावयाचे आहे, कारण माझ्या मते प्रवासवर्णनाची सारी कसोटी त्यात आहे.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. वरसईचा हा भिक्षुक 1857 साली उत्तरेला निघाला तो हिंदुस्थान पाहावा म्हणून नव्हे. घरावर कर्ज होते; बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कानी आली; दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढाच हेतू. वाटेत बंडाने गाठले. झाशीच्या वेढ्यात तो सापडला, लुबाडला गेला, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते लिखाण 1907 साली प्रसिद्ध केले. गोडसे भटजींना कोठल्याही शहराचा आत्मा टिपावयाचा नव्हता. त्यांना रात्रीचा निवारा हवा होता, शिधा हवा होता, पुढचा रस्ता सुरक्षित आहे की नाही याची बातमी हवी होती. म्हणूनच धान्याचा भाव, विहिरीचे पाणी, यजमानाची दानत, शिपायाची नजर हे सारे त्यांना दिसले. ज्याला ज्याची गरज असते त्याला त्याचा स्वभाव कळतो. नोकराला धन्याचा जितका कळतो तितका धन्याच्या पाहुण्याला कधीच कळत नाही.

पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' 1889 साली निघाले. नावातच 'लोकस्थिति' आधी आहे आणि 'प्रवास' मागून आला आहे, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. रमाबाईंना तेथल्या लोकांकडून काही हवे होते : विधवांच्या शाळेसाठी साह्य, आणि त्याहूनही अधिक, स्त्रियांनी संस्था कशा उभ्या कराव्यात याची विद्या. म्हणून त्या अमेरिकेचा गाडा कसा चालतो हे पाहतात. गोऱ्यांनी काळ्या माणसांना दिलेली वागणूकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांच्या पुस्तकात सृष्टिसौंदर्य कमी आहे, अशी तक्रार कोणी करील. करो बापडा.

यांच्या मानाने पुढच्या काळात आपले प्रवासवर्णन अधिक 'वाङ्मयीन' झाले. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या 1940 च्या पुस्तकापासून हे नवे वळण मोजण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व, त्याची लहर, त्याचा विनोद यांना तेथून प्रतिष्ठा मिळाली. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (1960) हा प्रकार कळसाला गेला. या पुस्तकांनी मराठी गद्याला जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तेथे विषय बदलला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. 'अपूर्वाई'चा खरा नायक विलायत नसून विलायतेत गेलेला मध्यमवर्गीय मराठी माणूस आहे. त्याची चहाची तल्लफ, त्याचा संकोच, त्याचे भाबडे कुतूहल हे आपण मिटक्या मारीत वाचतो, कारण ते आपलेच आहे. पु. लं.ना हे पुरते ठाऊक होते आणि त्यांनी त्याचा आव आणला नाही. आव आणला तो त्यांच्या मागून आलेल्यांनी. त्यांनी विनोदाची ढब उचलली, आणि वर 'तेथील अस्सल जीवन' दाखविल्याचा दावाही केला. सहलीच्या बसमधून उतरून पुन्हा बसमध्ये चढण्यापूर्वीच्या चाळीस मिनिटांत सापडलेल्या या अस्सल जीवनाची पुस्तके आता कपाटे भरून आहेत.

याला उलट उदाहरणेही आपल्याकडे आहेत, आणि ती परदेशच्या वाटेवरची नाहीत. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तला पंढरीच्या वारीवरचा लेख पाहावा. भजन एक, वाट एक, आणि जेवणाच्या पंक्ती मात्र जातवार वेगळ्या, हे त्यांनी चालता चालता पाहिले. ते त्यांना बोचले आणि त्या बोचण्यासकट त्यांनी ते लिहिले. दि. बा. मोकाशी यांची 'पालखी' (1964) तर याहून अवघड मार्गाने जाते. श्रद्धा पुरती नाही आणि अश्रद्धेचा अभिमानही नाही अशा मनाने ते वारीत शिरतात. अंग दुखते, मुक्कामाला जागा मिळत नाही, सोबतची माणसे आपल्या घरगुती काळज्या बोलू लागतात. वारीचे मोठेपण सांगणारी पुस्तके उदंड आहेत. वारीचा स्वभाव सांगणारी ही दोन. या दोघांना चालावे लागले, रात्री कोणाच्या तरी आसऱ्याला पडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे गोडसे भटजींशी त्यांचे नाते दिसू लागते.

येथे घुमानचा उल्लेख टाळता येत नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 88 वे अधिवेशन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे भरले. नामदेवांच्या गावी मराठी सारस्वतांचा मेळा, ही कल्पना सुंदर होती आणि ती पार पाडणाऱ्यांचे श्रम मोठे होते. पण त्या यात्रेची जी वर्णने पुढे छापून आली, त्यांतल्या बहुतेकांत एकच सूर आहे : बघा, पंजाबात आपला नामदेव! आपण तेथे आपलाच चेहरा पाहावयास गेलो आणि तो दिसला म्हणून आनंदलो. वास्तविक घुमानचे नामदेव 'आपले' नाहीत, यातच घुमानचा स्वभाव आहे. तेथे ते बाबा नामदेव आहेत, भगत नामदेव आहेत. त्यांची जी एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत तेवढी पंजाबी माणसाला प्रमाण. आपल्या गाथेतले अभंग तेथे कोणी जाणत नाही आणि त्यावाचून तेथल्या भक्तीचे काही उणे झालेले नाही. शिंपी-छिंपी समाज त्यांना आपला आद्यपुरुष मानतो. आपली परंपरा म्हणते नामदेवांनी पंढरपुरी महाद्वाराच्या पायरीशी देह ठेवला. घुमानची परंपरा म्हणते त्यांनी येथे ठेवला. या दोन समाध्यांमध्ये जे अंतर आहे ते चालून जाणे, हे खरे प्रवासवर्णन झाले असते. आपला संत दुसऱ्याचा होऊन बसला आहे आणि त्याला परत मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, ही जाणीव ज्या पानावर उमटली असती, त्या पानाने पंजाबही सांगितला असता आणि नामदेवही.

मुल्लानपुरातही तसेच एक पान लिहिले जावयाचे आहे, आणि ते कर्करोग रुग्णालयाच्या दाराशी आहे. परळला टाटा रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर बिहार-बंगालहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक महिनोन् महिने राहतात. परळची जी ओळख त्यांना असते (कोणत्या खानावळीत अर्धी थाळी मिळते, कोणता औषधवाला उधार देतो, कोणत्या धर्मशाळेत चिठ्ठीवाचून घेतात) ती मुंबईवर पुस्तके लिहिणाऱ्या कोणाही प्रवाशाला नसते. मुंबईचा स्वभाव त्यांना कळला आहे. तो कळण्यासाठी त्यांनी दिलेले मोल कोणालाही द्यावे लागू नये. त्याच केंद्राच्या मुल्लानपूरच्या शाखेत आता उपचारासाठी लोक येतात, आणि त्यांच्यासोबत आलेला माणूस मुल्लानपूर शिकतो. भूखंडांच्या जाहिराती त्याच्या उपयोगाच्या नसतात. त्याला स्वस्त खोली, रात्री उघडे दुकान, शहराकडे जाणारी शेवटची गाडी आणि चार शब्द बोलणारे कोणी हवे असते. त्याच्या खोलीचे भाडे घेताना गाव कसे वागते, यात मुल्लानपूरचा जो स्वभाव प्रकट होतो तो कमानीवरही लिहिलेला नाही आणि म्हाताऱ्याच्या लस्सीतही नाही.

मग असे म्हणावयाचे काय, की दुःखाने किंवा दारिद्र्याने गांजल्यावाचून कोणी प्रवासवर्णन लिहूच नये? आनंदासाठी हिंडणाऱ्याचा हक्क मी नाकारीत नाही. काकासाहेब कालेलकर आनंदासाठीच हिंडले, नद्यांच्या आणि हिमालयाच्या ओढीने हिंडले, आणि त्यांच्या लिखाणात प्रदेश जिवंत आहे. पण काकासाहेबांचा आनंद फुकटचा नव्हता. साताऱ्यात जन्मलेल्या या माणसाने आपला हिमालयातला प्रवास आधी गुजरातीत लिहिला, आणि तोही असा लिहिला की गुजरातीने त्यांना आपले म्हटले. परक्या भाषेत आपले घर करण्याइतकी गरज ज्याला त्या लोकांची वाटली, तो नुसता पाहुणा राहिलेला नसतो. अडणे म्हणजे पोट अडणे एवढेच मला अभिप्रेत नाही. बोलण्यावाचून अडावे, एखाद्या कामावाचून अडावे, एखाद्या प्रश्नावाचून अडावे.

आणि हे अडणे ज्यांच्या वाट्याला जन्मभरासाठी आले आहे ते आपण, महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक, याबाबतीत काय करीत आहोत, हे विचारल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. दुधवाल्याशी आपण त्याच्या भाषेत भांडतो, मुलांच्या शाळेत तिसऱ्याच भाषेत अर्ज लिहितो, शेजाऱ्याच्या मर्तिकाला जातो तेव्हा केव्हा बसावे आणि केव्हा उठावे हे आपण तेथेच शिकलेलो असतो. प्रवाशाला जे पंधरा दिवसांत मिळत नाही आणि तेथल्या मूळ माणसाला अतिपरिचयाने दिसत नाही, ते नेमके आपल्या हाती आहे. तरी आपल्या नियतकालिकांची पाने चाळली तर त्यांत काय आढळते? गणेशोत्सवाचे वृत्तांत, पुण्या-मुंबईच्या आठवणी, कोकणातल्या आजोळाच्या कथा. ज्या गावाने आपल्याला भाकरी दिली त्याच्याविषयी आपण लिहितो ते महाराष्ट्रातून पाहुणे आले म्हणजे त्यांना दाखविण्याच्या स्थळांची यादी करावी, इतपतच. पाहुणे विचारतात, येथले खास काय. आणि आपण त्यांना गाडीत घालून रॉक गार्डनला नेतो.

मुल्लानपूरचे नाव दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांत कधी मुल्लानपूर म्हणून येते, कधी न्यू चंदीगड म्हणून. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पहिले नाव कदाचित बसच्या पाटीवर तेवढे उरेल. त्या नावात 'मुल्ला' हा शब्द आजही उघड ऐकू येतो. 1947 नंतर पूर्व पंजाबातल्या गावागावांतून कोण निघून गेले हे ज्याला माहीत आहे, त्याला तो शब्द नुसता शब्द राहत नाही. त्यामागून नेकचंदसारखे पलीकडचे लोक आले, मग राजधानी आली, परिघाचा कायदा आला, आता स्टेडियम आणि रुग्णालय आले. चंदीगड-मोहालीत पिढ्यान्पिढ्या नोकरी केलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी कोणी तरी त्या रस्त्याने रोज गेला असेल, शेते जाताना पाहिली असतील, पुआधी बोलणाऱ्या एखाद्या कामवालीच्या तोंडून 'म्हारा गांव' ऐकले असेल. हे त्याने मराठीत लिहावे. शैलीची चिंता करू नये, आत्म्याची तर मुळीच करू नये. भाडे किती होते, पाणी कोठून येत असे आणि पावसात चो कोणत्या वळणावर रस्ता तोडीत असे, येथून आरंभ करावा.